मर्सी सिस्टरची हजेरी

तारा आणि नील, तुम्ही मागवलेले फोटो मी काल पाठवले. एकोणीस पानं आहेत. क्रम लावून पाठवली आहेत, तो बदलू नका. काही फोटोंत पानाच्या कडेला अंगठा दिसतो, तो माझा. ही पानं जिने लिहिली तिच्याबद्दल तुमच्या आईला विचारू नका. ती सांगणार नाही, आणि तिने का सांगावं? मी सांगते.

मर्सी ही तुमच्या आजोबांची थोरली बहीण, म्हणजे माझी नणंद आणि तुमच्या आईची आत्या. तोंडावर मी जन्मभर तिला 'तुम्ही' म्हटलं. इथे 'ती' म्हणणार आहे. मला ती आवडत नव्हती. ती गेली म्हणून आता आवडायला लागली, असंही झालेलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं असं तुम्हाला कोणी शिकवलं असेल तर मी त्याच्या आड येत नाही, पण मी गोंदियाच्या शाळेत मुलांना इंग्रजी शिकवण्यात उभी हयात घालवली आणि त्यांना निबंधात खोटं लिहू दिलं नाही. या वयात स्वतः कशी लिहू?

ती नर्स होती. निवृत्त झाल्यावरही नर्सच होती. आमच्या गल्लीत तिला मर्सीबाई कोणी म्हणत नसे, लहानथोर सगळे 'सिस्टर' म्हणत. भाजीवाला तिच्या पिशवीत किडका टोमॅटो टाकायला धजत नसे. पांढरी खळ घातलेली सुती साडी आणि डाव्या खांद्याखाली उलटं टाचलेलं घड्याळ, म्हणजे मान खाली घातली की तिला वेळ सरळ दिसायची. नाताळाच्या दिवशी लोक एकमेकांचा हात हातात घेतात. ती मनगट धरायची. तुम्ही 'मेरी ख्रिसमस' म्हणत असताना ती घड्याळाकडे बघत तुमची नाडी मोजत असे, आणि मोजून झाल्यावर मग 'सेम टू यू' म्हणे. नाडी जलद असली तर सगळ्यांदेखत सांगे.

आणि ती वही लिहीत असे. वॉर्डात ड्यूटी संपताना नर्स जसा रिपोर्ट लिहिते, तसा ती घराचा रिपोर्ट लिहायची. कोणाला ताप आला, किती आला, गॅसची टाकी कधी लावली, विहिरीचं पाणी कधी खाली गेलं, कोण भांडलं, कोणाच्या चुकीने. तिचं एक वाक्य होतं, दिवसातून दोनदा तरी यायचं: "लिहिलं नाही म्हणजे झालं नाही." माझं लग्न झालं तेव्हा मला हे वाक्य गमतीचं वाटलं होतं.

माझा या घरातला पहिला नाताळ. तेव्हा गोंदियात घरोघरी ओव्हन नव्हते. केकचं मिश्रण घरी फेटायचं, साच्यांत भरायचं, प्रत्येक साच्यावर नावाची चिठ्ठी लावायची आणि बेकरीत जाऊन रांगेत बसायचं. बडा दिन आला की बेकरीवाला रात्रीचे पाव आटोपून आमच्या लोकांसाठी भट्टी मोकळी ठेवत असे. मी नागपूरची, नवी नवरी. रांगेत शेजारच्या बाईशी बोलत बसले आणि आमचा मोठा केक एका बाजूने करपला.  संध्याकाळी मर्सीने वही माझ्यापुढे ठेवली. तुमच्याकडच्या फोटोंत ते तिसरं पान आहे. "केक तीन. मोठा केक डावीकडून करपलेला. कारण: निष्काळजीपणा. जबाबदार: नवीन भावजय." खाली तिची सही, आणि सहीशेजारी मोकळी जागा.

मी विचारलं, ही जागा कशाला?

"तुमच्या सहीला," ती म्हणाली. "तुम्ही तर शिकलेल्या मॅडम आहात. वाचून सही करा."

मी केली. त्या दिवसापासून मी तिच्यासाठी मॅडम झाले ती शेवटपर्यंत. माझं नाव तिच्या तोंडून मी फक्त नाताळाच्या हजेरीत ऐकलं.

ही हजेरी तुम्हाला नीट समजली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. नाताळाच्या सकाळी उपासनेहून आलं की ती वहीचं नवं पान काढून त्यावर घरातल्या सगळ्यांची नावं वयाच्या क्रमाने लिहायची. दुपारी पानं वाढून झाली, पुलावाची वाफ नाकात जायला लागली की ती उभी राहायची आणि एकेक नाव वाचायची. ज्याचं नाव आलं त्याने 'हजर' म्हणायचं. जो बाहेरगावी असेल त्याच्या गावाचं नाव घरच्यांनी सांगायचं. जो वारला असेल त्याच्यासाठी 'प्रभूजवळ' म्हणायचं. सगळी नावं झाली की वही मिटायची, मग प्रार्थना, मग जेवण. ही रीत तिच्या वडिलांनी घातली होती. त्यांच्या काळी म्हणे हजेरीत हसणं-खिदळणं चालायचं. तिच्या काळी मुलं पाठ ताठ करून बसत.

तुमचे अनिल आजोबा, म्हणजे आजोबांचे धाकटे भाऊ, नाताळाला सकाळीच पिऊन यायचे. तिने त्यांच्याबद्दल लिहिलेलं वाचा, मला अजून हसू येतं: "अनिल उपासनेला आला. उभा राहताना बाक धरला. गीत मोठ्याने म्हटलं, शेजारी दुसरं गीत चालू होतं." अनिलभाऊंना ती हे वाचून दाखवायची. ते हात जोडून म्हणायचे, "बरोबर आहे, सिस्टर. पुढच्या वर्षी तेच गीत म्हणून पाहतो." पण त्यांचं नाव हजेरीतून एकदाही गळलं नाही. एका वर्षी तर ते ओसरीवर आडवे झाले होते, तेव्हा त्यांचं नाव आल्यावर ती स्वतःच 'हजर' म्हणाली. हे लक्षात ठेवा.

तुमच्या आईवर तिचा जीव होता हेही मला लिहिलं पाहिजे. वीणा सात वर्षांची असताना तिला टायफॉइड झाला. मर्सीने अकरा दिवस, दर चार तासांनी ताप, नाडी, पाणी किती प्यायली, सगळं वहीत लिहून ठेवलं. डॉक्टरांनी ती पानं पाहिली, औषध बदललं आणि ताप उतरला. त्या अकरा दिवसांत माझ्या हाताला काही सुचत नव्हतं. तिच्या हाताला सुचत होतं. पुढे वीणा बरी झाल्यावर नाताळाच्या पानावर वरच्या कोपऱ्यात चांदणी काढायचं काम मर्सीने तिला दिलं. फोटोंत पाच पानांवर चांदण्या आहेत. एका चांदणीला सहा टोकं आहेत, ती मोजून मर्सीने बाजूला लिहिलं आहे, "एक टोक जास्त." तरी ती खोडली नाही, कारण रिपोर्टात खाडाखोड करायची नाही हा तिचा दुसरा नियम.

अकराव्या पानावर चांदणी नाही.

त्या वर्षी वीणाने हेमराजशी, तुमच्या बाबांशी, लग्न केलं. कचेरीत सह्या करून केलं, देवळात म्हणजे आपल्या चर्चमध्ये नाही. हेमराज अर्जुनी मोरगावकडचा, ज्यांच्या पूर्वजांनी गावाचा तलाव बांधला अशा हिंदू शेतकरी घरातला. त्या घरचे लोक अजून पाळीवर, म्हणजे बांधावर, उभं राहून तलावाकडे असे बघतात की जणू घरातलं थोरलं माणूस झोपलंय. आम्हाला माणसं आवडली. आमच्या पाळकसाहेबांनी घरी येऊन दोघांच्या डोक्यावर हात ठेवला. मर्सीने त्या दिवशी वहीत लिहिलं, "पाळक चहाला आले. साखर तीन चमचे." बाकी काही नाही.

नाताळाला वीणा आणि हेमराज आले. हजेरी सुरू झाली. माझ्या नावानंतर अनिलभाऊंची बायको, मग वीणाचं नाव यायला हवं होतं. आलं अनिलभाऊंच्या मुलाचं. वीणाने 'हजर' म्हणायला तोंड उघडलं होतं, ते तिने तसंच मिटलं. मला वाटलं, चुकून राहिलं असेल. संध्याकाळी मी मर्सीला विचारलं. ती म्हणाली, जिने घर सोडलं ती घरात मोजायची नाही. मी म्हटलं, ती दुपारी तुमच्या शेजारी बसून जेवली. त्यावर ती म्हणाली, "लिहिलंय का कुठे?"

तुमचे आजोबा म्हणाले, जाऊ दे, ताईचा स्वभाव. त्यांच्या बाबतीत हे वाक्य 'आमेन'सारखं होतं, कशाच्याही शेवटी चालायचं. आणि मीही जाऊ दिलं. त्यानंतर चार नाताळ तुमची आई येत राहिली, केक करत राहिली, आणि तिचं नाव न घेता वही मिटत राहिली.

पाचव्या वर्षी तुमची अर्जुनीची आजी बरोबर आली. चिन्नोर तांदळाचं नवं पीक घरात आलं होतं, म्हणून पायलीभर तांदूळ डोक्यावर घेऊन स्टेशनापासून चालत आली. रिक्षा का नाही केली विचारलं तर म्हणाली, तांदूळ सांडला असता. तारा, तू तेव्हा तीन वर्षांची होतीस, नील मांडीवर होता. आदल्या दिवशी तुला मुलांनी खेळता खेळता हजेरी शिकवली होती. तू रात्री झोपेपर्यंत 'हजल, हजल' म्हणत होतीस.

दुपारी हजेरी सुरू झाली तशी तू खुर्चीवर उभी राहिलीस. प्रत्येक नावाला तू श्वास भरायचीस. अनिलभाऊंच्या नातवाचं नाव आलं, तो तुझ्याहून दोन महिन्यांनी मोठा. तो 'हजर' म्हणाला. आता आपणच, असं तुला वाटलं असणार. तू तोंड उघडलंस. मर्सीने वही मिटली आणि म्हणाली, आपण प्रार्थना करू.

तू उभीच होतीस. कोणी बघितलं नाही असं नाही. सगळ्यांनी बघितलं आणि सगळ्यांनी प्रार्थनेसाठी डोळे मिटले. मीसुद्धा.

अर्जुनीच्या आजीने मिटले नाहीत. तिला आमची प्रार्थना येत नव्हती. तिने विचारलं, "माह्या सुनेचं नाव काऊन नाही घेतलं वो बाई?"

मर्सीने डोळे न उघडता सांगितलं, हे कुटुंबाचं रजिस्टर आहे, यात पाहुण्यांची नावं येत नाहीत.

"पाव्हनी मी आहो," आजी म्हणाली. "थे त याच घरची पोरगी हाये. आन थे पाव्हनी असन, त मंग सकाळपासून तुमचे भांडे कायले घासून राहिली?"

अनिलभाऊ फसकन हसले आणि त्यांनी तोंडाला रुमाल लावला. मर्सी म्हणाली, "बाई, आमच्यात जेवणापूर्वी आवाज करत नाहीत."

"आमच्यात लेकराले उभं ठेवून जेवत नाही."

एवढं बोलून ती उठली आणि तिने तुला खुर्चीवरून उतरवून घेतलं.  वीणाने नीलला उचललं, पिशवी घेतली, आणि दुपारच्या गाडीने सगळे अर्जुनीला गेले. जाताना आजीने मला एवढंच म्हटलं, "इहीनबाई, तुमी त मास्तरीन आहा ना." मी पुलावाचं पातेलं धरून उभी होते. 

त्या दिवसाचं पान तुमच्याकडे आहे. "पाहुण्या बाईंनी गोंधळ केला. जेवण वीस मिनिटं उशिरा. पाच पानं उष्टी न होता उचलली." पाच कसली, वीणा, हेमराज, आजी आणि तारा अशी चारच पानं होती. नीलला पानच नव्हतं. पण तिने पाच लिहिलं. मला वाटतं पाचवं हेमराजच्या बाजूचं रिकामं ठेवलेलं होतं, किंवा ती त्या दिवशी पहिल्यांदा चुकली. मी तिला विचारलं नाही.

तुम्ही मला नेहमी विचारता की आम्ही नाताळाला गोंदियाला का येत नाही, उन्हाळ्यात का येतो, उन्हाळ्यात तर किती तापतं. आता कळलं. तुमचे बाबा कॅनडात कॅलगरीला गेले ते नंतर. त्याच्या आधीच तुमचा नाताळ आमच्याकडून गेला होता.

पुढे मर्सीचे डोळे गेले. आधी वहीच्या ओळी वाकड्या व्हायला लागल्या, मग एका ओळीवर दुसरी चढायला लागली, आणि एका सकाळी तिने खांद्यावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. डॉक्टर म्हणाले, पडदा खराब झाला आहे, इलाज नाही. तिने रडारड केली नाही. तिने मला बोलावलं आणि म्हणाली, "मॅडम, उद्यापासून तुम्ही लिहायचं. मी सांगेन ते. आपलं डोकं लावायचं नाही."

मी लिहायला लागले. ती पलंगावर ताठ बसून सांगायची, मी स्टुलावर बसून लिहायची. ती स्वल्पविरामसुद्धा सांगायची. दोघी म्हाताऱ्या रोज अर्धा तास एका खोलीत, आणि आपसातलं एकही वाक्य नाही. त्या वर्षी नाताळाची हजेरीही तिने सांगितली तशी मी उतरवली आणि दुपारी उभी राहून वाचली. माझ्याच तोंडाने मी माझ्या मुलीचं नाव गाळलं. तिला दिसत नव्हतं, मला दिसत होतं, तरी गाळलं.

मग, तारा, तुझा व्हिडिओ कॉल आला. तुला शाळेत घरातला एखादा जुना कागद न्यायचा होता, ज्यावर तुझं नाव आहे असा. आईने तुला त्या वहीबद्दल कधीतरी सांगितलं असावं, चांगलंच काहीतरी, चांदण्यांबद्दल. तू म्हणालीस, आजी, माझं नाव असलेल्या पानाचा फोटो पाठव. मी तुला सांगितलं की वही फार जुनी आहे, उघडली तर पानं फाटतात. ते खोटं होतं. बारा वर्षांच्या मुलीला मी ठरवून खोटं सांगितलं, आणि तू म्हणालीस, बरं, मग नको उघडूस.

त्या वर्षीच्या नाताळाच्या सकाळी तिने नावं सांगितली, मी लिहिली. तिने सांगितली नाहीत ती चार मी जिथल्या तिथे लिहिली: वीणा, हेमराज, तारा, नील.  फोटो बघा, शेवटचं पान.

तिचा तो शेवटचा नाताळ होता. पावसाळ्यात ती गेली. त्या दुपारची ती मला अजून दिसते, आणि मला ती तशीच दिसावी अशी माझी इच्छा आहे.

आम्ही टेबलाभोवती अकरा जण. मी वाचत गेले. वीणाचं नाव मी इतर नावांच्याच आवाजात वाचलं आणि तिचं गावही मीच सांगितलं, "कॅलगरी." 

"हे मी सांगितलं नव्हतं," मर्सी म्हणाली.

"नाही. मी लिहिलं."

"खोडा."

मी म्हटलं, ताई, रिपोर्टात खोडायचं नसतं. तिचा चेहरा माझ्याकडे वळला, थोडा चुकून, माझ्या खांद्याकडे. मग तिने हात पुढे केला. "वही द्या. पेन द्या. मी खोडते."

मी दोन्ही दिलं. तिने पेनाचं टोपण काढलं, डाव्या हाताने पान सपाट केलं, अगदी वॉर्डात करत असेल तसं, आणि विचारलं, "कितवी ओळ?"

तिने मान टेबलाच्या टोकाकडे वळवली.

"सुधाकर, कितवी ओळ?" सुधाकर म्हणजे तुमचे आजोबा. त्यांनी ताटाकडे बघितलं. हा माणूस जन्मभर गप्प बसला म्हणून मी त्यांच्यावर चिडत आले. त्या दिवशीही ते फक्त गप्पच बसले.

"अनिल."

अनिलभाऊ म्हणाले, "सिस्टर, भात थंडा होऊन राहिला."

तिने मुलांना विचारलं, सुनांना विचारलं, प्रत्येकाला नावाने, वयाच्या क्रमाने. या घरात तिने विचारल्यावर कोणी उत्तर दिलं नाही असं त्याआधी कधी झालं नव्हतं. मग तिने विचारणं सोडलं आणि बोट कागदावर ठेवलं. मी बॉलपेनने दाबून लिहिते, कागदावर अक्षरं उमटतात. तिचं बोट वरून खाली सरकत गेलं, थांबलं, परत वर गेलं. एकदा ते नीलच्या नावावर थांबलं. मला दिसत होतं, तिला नाही. पेन कागदाच्या बोटभर वर होतं.  मला दया आली असं लिहिलं तर तुम्हाला वाचायला बरं वाटेल. मला आली नाही. मी मोजत होते, ती आणखी किती वेळ हात वर धरू शकते.

शेवटी तिने पेन खाली ठेवलं. टोपण तिला सापडेना, ते अनिलभाऊंच्या सुनेने शोधून दिलं. वही तिने टेबलावरून माझ्याकडे सरकवली. उठून मात्र गेली नाही.

मी पान सरळ केलं आणि हेमराजचं नाव वाचलं. त्याच्यानंतर अनिलभाऊंच्या मुलांची आणि सुनांची, मग त्यांच्या नातवाचं. तो आता आवाज फुटायच्या बेतात आहे, घोगरं 'हजर' म्हणाला. त्याच्या खालचं नाव तुझं होतं, तारा. ते मी मोठ्याने वाचलं.